साफ करून पाठवणे

“हनुवटी जरा खाली. नजर माझ्या बोटावर. श्वास धरा... धरा... हां, सोडा.” आमच्या घरातला सकाळचा पहिला आवाज हा. लोकांच्या घरी रेडिओ लागायचा, आमच्याकडं अप्पांचं हे सुरू व्हायचं. राजारामपुरीत पुढं स्टुडिओ आणि मागं आम्ही, मध्ये एक लाकडी पार्टिशन. माझी आई, म्हणजे अव्वा, भाकरी थापायला बसली की तिच्या थापा आणि अप्पांचा ‘श्वास धरा’ एका तालात यायचे, आणि लहानपणी मीसुद्धा पार्टिशनमागं उगीच श्वास धरून बसायचे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक लग्नाच्या पोरी. स्थळाकडं पाठवायचा फोटो, त्याला आम्ही ‘दाखवायचा फोटो’ म्हणायचो. काठाची साडी, स्टुलावर बसायचं, डावा हात मांडीवर, उजवा त्याच्यावर, मागं तळ्याचा रंगवलेला पडदा. दारात चप्पल काढताना खिदळणारी पोरगी त्या स्टुलावर बसली की दुसरीच व्हायची. कुणी शिकवायला लागायचं नाही. खांदे आपोआप आत यायचे, हसू निम्मं व्हायचं. नाटक म्हणजे काय ते मी कुठल्या थेटरात नाही बघितलं बघा, मी ते त्या पार्टिशनच्या फटीतनं बघितलं.

अप्पांच्या धंद्यात ‘साफ’ हा मोठा शब्द होता. साफ म्हणजे धूळ पुसणं नव्हे. खिडकीपाशी एक उतरती लाकडी चौकट होती, तिला दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, आरशातनं दिवसाचा उजेड वर यायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि माणसाच्या तोंडावर देवानं जे जे टाकलंय ते काढायचं. वांग, देवीचे व्रण, पुटकुळ्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तोंडावरचा काळा डाग तिथं पांढरा दिसतो, तो बारीक पेन्सिलीनं भरायचा. पांढरा डाग तिथं काळा दिसतो, तो पात्याच्या टोकानं हळूहळू खरवडून फिका करायचा. पेन्सिलीचं चुकलं तर पुसता येतं. पात्यानं खरवडलं की खरवडलं. कोल्हापुरात अप्पांसारखं पातं चालवणारा दुसरा नव्हता, हे मी पोरगी म्हणून सांगत नाही, दुसरे फोटोवालेसुद्धा आपली अवघड कामं गुपचूप आमच्याकडं पाठवायचे. प्रत्येक पाकिटाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असायची, ‘साफ करून देणे’, नाहीतर परगावचं असेल तर ‘साफ करून पाठवणे’. चिठ्ठी दिसली की अप्पा विचारत बसायचे नाहीत. चिठ्ठी म्हणजे काम.

आणि अशा माणसाच्या पोरीला, म्हणजे मला, अकराव्या वर्षी हनुवटीखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला. वर्षभरात तो गळ्यावर उतरला, मग कोपरावर, मग पाठीवर. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. अव्वा ‘ते’ म्हणायची. “ते वाढलंय का बघू?” शेजारच्या गाळ्यात शिलाईचं दुकान चालवणारी शकीलाभाभी तेवढी धडधडीत बोलायची. “कोडकौतुक म्हणत्यात न्हवं, त्यातलं कोड गिरजीला आन् कौतुक माझ्या नणंदेला,” म्हणायची आणि स्वतःच इतकी हसायची की मशीनचा पाय थांबायचा. मला तिचा राग कधी आला नाही. एका वैद्यानं सांगितलं, पांढरं खायचं नाही आणि आंबट खायचं नाही. झालं, दूध गेलं, दही गेलं, भात गेला, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट पातळ भाजी गेली. अव्वाचं माहेर निपाणीकडचं, तिच्या हातची खपली गव्हाची खीर म्हणजे काय सांगू तुम्हाला, पण माझ्यासाठी ती त्यातली वाटीभर दूध घालायच्या आधीच काढून ठेवायची आणि माझ्यासमोर बसून स्वतःही तीच बिनदुधाची खायची. सकाळी बावचीचं तेल लावून गच्चीवर उन्हात बसायचं. त्यानं फोड यायचे, फोड फुटायचे, आणि खालून पांढरंच निघायचं.

तेव्हापासून अप्पांनी माझा फोटो काढला नाही. परीक्षेच्या फॉर्मला लागला तेव्हा काढला आणि असा साफ केला की मास्तर दोन वेळा माझ्याकडं आणि फोटोकडं बघत राहिले. शाळा सुटल्यावर मी डार्करूममध्ये गेले. तिथं लाल दिव्यात सगळ्यांचीच कातडी एक रंगाची. शिकवलं कुणी नाही, बघून बघून शिकले. चोविसाव्या वर्षापर्यंत मी शेकडो पोरींचे दाखवायचे फोटो धुतले असतील. माझा एक नव्हता.

त्या सुमारास रेवती मॅडम आल्या. बडोद्याच्या. इथल्या चित्रकलेच्या कॉलेजात महिनाभर शिकवायला आल्या होत्या आणि त्यांना डार्करूम हवी होती म्हणून कुणीतरी आमच्याकडं पाठवलं. बाई चाळिशीच्या, केस कापलेले, आवाज मऊ. त्यांचं काम असं की त्या स्वतःच्याच अंगाचे फोटो काढायच्या. पण दाखवायचे नव्हेत. कॅमेरा तिवईवर लावून त्याच्यापुढं काहीतरी करायच्या. एकदा गुऱ्हाळावर जाऊन उसाच्या चिपाडांच्या ढिगात पांढरा झगा घालून तासभर आडव्या झाल्या. लोक जमले. “पावणं, बाईला फिट आली काय? कांदा आणा की रं!” मी खरंच कांदा फोडून नाकाला लावणारा माणूस बघितला तिथं. मॅडम फोटो पुरा झाल्यावर उठल्या आणि त्या माणसाला नमस्कार केला.

डार्करूममध्ये त्यांच्याबरोबर उभी राहून मी ते फोटो धुतले. मागाहून झगा काढून टिपलेलं एका बाईचं चाळिशीचं पोट, त्यावर चिपाडांचे वळ, आणि कुठं लपवाछपवी नाही. मी विचारलं, “हे साफ करायचं न्हाय?” त्या म्हणाल्या, “हेच तर आहे ना, गिरिजा. कॅमेऱ्यापुढे आपण काहीतरी करतो, आणि अंगावर त्याची खूण राहते. ती काढली तर उरलं काय?” मग माझ्या हाताकडं बघितलं. लोक बघून झटकन दुसरीकडं बघतात ना, तसं नाही. बघत राहिल्या. “तुझं अंग तर रोज काहीतरी करतंय,” म्हणाल्या. मी म्हटलं, “मी जातो आता, अव्वा हाक मारतीय.” त्या हसल्या. “मुलगी असून ‘मी जातो’ म्हणतेस?” “कोल्हापुरात सगळ्याच जातो म्हणत्यात,” मी म्हटलं आणि आत येऊन चुलीपुढं बसले. इतकी वर्षं मी वाट बघत होते की ते थांबावं. ते काहीतरी ‘करतंय’ असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम गेल्या, मी सुरू केलं. स्टुडिओत जुना दोन भिंगांचा कॅमेरा पडून होता, एका रोलात बारा फोटो. ठरवलं, एकच रोल. एक आड एक रविवारी दुपारी, अप्पा जेवून आडवे झाले की, शकीलाभाभीला हाक मारायची. मी त्याच स्टुलावर बसायचे, तसंच, डावा हात मांडीवर, उजवा त्याच्यावर, खांदे आत, निम्मं हसू. फक्त साडी खांद्यावरनं कमरेपर्यंत उतरवलेली, गळ्यात इष्टलिंगाचा दोरा तेवढा. दाखवायचा फोटो, पण सगळं दाखवायचा. भाभी बटण दाबायची. पहिल्या दिवशी तिनं डोळे झाकूनच दाबलं. “या अल्ला, तुझ्या बापानं बघितलं तर तुला न्हाय, मला गाडंल.” तिसऱ्या वेळेपासून ती सरावली आणि मलाच दरडावायला लागली, “खांदा खाली घे की गं, मागल्या खेपंला असा व्हता का?” बारा वेळा तीच बैठक, तोच पडदा, तोच उजेड. मी काहीच करत नव्हते. जे करायचं ते अंग करत होतं. सहा महिन्यांत डाव्या खांद्यावरचा डाग गळ्यावरच्याला जाऊन मिळाला, पोटावर नवीन उठले, हनुवटीचा गालावर चढला. कड रोज सरकायची आणि मी पहिल्यांदा तिच्याकडं भीतीशिवाय बघत होते. त्या सहा महिन्यांइतकी मी कधी जिवंत नव्हते, हे लिहायला आज लाज वाटत नाही.

रोल धुतला त्या आठवड्यात मॅडम एका दिवसासाठी परत आल्या. मी ओल्या निगेटिव्ह दुधी काचेवर ठेवल्या. निगेटिव्हमध्ये उलटं ना सगळं. माझी सावळी कातडी तिथं फिकी आणि कोड काळंभोर, पावसाळी ढगासारखं, चौकटीगणिक पुढं सरकणारं. मॅडमनी बाराही चौकटी एकेक करून भिंगातनं बघितल्या. मग म्हणाल्या, मुंबईला प्रदर्शन आहे, सात बायकांचं, त्यात हे बारा लावायचे, माणसाएवढे मोठे, एका ओळीत. “इथे छापू नकोस. पहिली प्रिंट मी माझ्या हाताने करणार. तू फक्त नीट वाळव, धूळ साफ कर आणि पाठव.” माणसाएवढे. म्हणजे लोक येणार, माझ्यापुढं उभे राहणार, आणि बाराच्या बारा बघेपर्यंत हलणार नाहीत. मला दुसरं काही नको होतं. लग्न नको होतं, बरं होणंसुद्धा नको होतं. एवढं एकदा पाहिजे होतं.

दुसऱ्याच दिवशी वडगावची माझी आत्या पडली, तिचा खुबा मोडला आणि मला आणि अव्वाला तिच्याकडं जावं लागलं. घाईत मी निगेटिव्ह पाकिटात घातल्या, पाकीट माझ्या कपाटात ठेवायचं ते अप्पांच्या कामाच्या टेबलाच्या खणात ठेवलं, आणि आपण विसरू नये म्हणून एक चिठ्ठी लिहून लावली. मॅडमचेच शब्द डोक्यात होते. ‘साफ करून मॅडमना पाठवणे. गिरिजा.’

आता वाचणारा म्हणेल, बाई, जन्म त्या घरात गेला तुझा, कळलं नाही? नाही कळलं. सहा महिन्यांत मी मॅडमच्या भाषेत विचार करायला लागले होते, आणि त्या भाषेत साफ म्हणजे फडक्यानं धूळ पुसणं.

बारा दिवसांनी मी आणि अव्वा परत आलो. एसटी स्टँडवरनं रिक्षानं दारात उतरले तर अप्पा बाहेरच उभे. कपाळावर विभूती, अंगात नवा शर्ट. डोळे मात्र लाल, सुजलेले, दोन्ही डोळ्यांतनं पाणी गळत होतं. “आधी ये इकडं,” म्हणाले. पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. चौकटीपाशी नेलं, भिंग माझ्या हातात दिलं. “बघ.”

मी बघितलं. बारा चौकटी. स्टुलावर एक पोरगी बसलेली. खांदा सरळ एका रंगाचा, पोट एका रंगाचं, हनुवटी, गाल, गळा. पात्याची एक रेघ नाही. पहिली चौकट आणि बारावी चौकट यांत तिळाएवढा फरक नाही. सहा महिने त्या पोरीच्या अंगावर काही म्हणजे काही घडलं नव्हतं. एकच फोटो बारा वेळा.

“अकरा दिवस लागले,” अप्पा म्हणाले. “दुकान बंद ठिवलंतं. उजेड हाय तोवर बसायचं. पहिल्यांदा पाकीट उघडलं आन् तुला तशी बघून मी झटकन झाकलं. बाप हाय मी. मग म्हटलं, पोरीला तोंडानं सांगता आलं न्हाय, म्हणून चिठ्ठी लिवली. इतकी वर्सं दुनियेच्या पोरी साफ केल्या, माझी तेवढी ऱ्हायली व्हती. लाजलो असतो तर कसला बाप?” त्यांनी मनगटानं डोळे पुसले. “गिरजव्वा, माझ्या हातनं आजपतुर असलं काम झालं न्हाय. परत व्हनार न्हाय. कसं झालंय?”

मागं अव्वा उभी होती. तिनं वाकून काचेवर बघितलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. आनंदानं. “अय्यो देवा, अशी दिसली असती बघ माझी पोर.”

मी म्हटलं, “चांगलं झालंय अप्पा.” दुसरं काय म्हणणार? तुम्ही सांगा.

टेलिफोनच्या बूथवरनं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा कर ना. मी म्हटलं, “म्याडम, ते अंग आता कुठनं आणू? ते पुढं गेलं.” मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं, आवाज बदलला. “गिरिजा, ऐक. त्याच लावू या. खरवडलेल्या. बारा सारख्या, आणि खाली लिहू, वडिलांनी काय केलं ते. हे तर अजून मोठं काम आहे!” त्या वाईट नव्हत्या. आणि त्यांचं बरोबरच होतं, आज मला कळतं. पण त्या भिंतीवर मी नसते, अप्पा असते. लोक येऊन अप्पांच्या अकरा दिवसांपुढं मान हलवून उभे राहिले असते. मी फोन ठेवला. प्रदर्शन झालं म्हणे, सहा बायकांचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. पण अप्पांना हुरूप आला होता. त्यांनी एक निगेटिव्ह घेऊन फक्त गळ्यापासून वरचा भाग छापला आणि मला न विचारता संकेश्वरकडच्या एका स्थळाला पाठवला. पावणं दारात आले तेव्हा मला कळलं. सहा माणसं. अव्वानं पोहे केले होते. मी पाणी घेऊन बाहेर आले, तांब्या पुढं केला, आणि मुलाच्या काकानं माझा हात बघून स्वतःचा हात मागं घेतला. फोटो खिशातनं काढला. एकदा फोटो, एकदा मी. “काय वो फोटोवाले, लोकांची फसवणूक करता ती करता, सोताच्या पोरीलाबी सोडली न्हाय?” आवाज गल्लीत गेला. शकीलाभाभी कात्री हातात घेऊन बाहेर आली, “ए पावणं, तोंड सांभाळून!” पण अप्पा तिला म्हणाले, “ऱ्हाऊ दे भाभी. त्ये बरोबर बोलत्यात.” पोहे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी अप्पांनी खिडकीपासची चौकट भिंतीकडं फिरवून ठेवली. लोक पाकिटं घेऊन यायचे, अप्पा म्हणायचे, जमत न्हाय, डोळं गेलं. तेव्हा गेले नव्हते. पुढं खरंच गेले, काचबिंदूनं, थोडे थोडे करून. तोवर बाजारात कॉम्प्युटर आले होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चहा संपायच्या आत माणसाचं तोंड गुळगुळीत करून मिळायला लागलं होतं.

माझं कोड थांबलं नाही. ते सगळीकडं गेलं, केसांपर्यंत. आता मी अंगभर पांढरी आहे, आणि परवा एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, “म्याडम, कुठल्या देशाच्या?” मी म्हटलं, “राजारामपुरीची.” त्याला विनोद वाटला.

अप्पांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना काही दिसत नव्हतं. एका दुपारी मी त्यांना ताक-भात भरवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, “आता कुठवर आलंय गं ते?”

मी म्हटलं, “सगळीकडं, अप्पा.”

त्यांनी अंगठा माझ्या मनगटावर ठेवला आणि हळूहळू वर सरकवायला लागले. पात्याचा अंगठा तो, कातडीसारखा नव्हताच, शिंगासारखा झालेला. इंचाइंचाला थांबायचे. “हितं हाय?” “हाय.” “आन् हितं?” “तिथंबी हाय.” कोपर झालं, दंड झाला. त्यांना कड शोधायची होती. कड सापडली असती तर तिथनं पुढं त्यांची सावळी पोरगी होती, असं काहीतरी असावं मनात. पण कड हाताला लागत नसते, आणि लागणारी असती तरी आता उरली नव्हती. खांद्यापाशी येऊन अंगठा थांबला.

“मग कुठं न्हाय?” अप्पांनी विचारलं.

मी त्यांचं तोंड पुसलं आणि ताट उचललं.